रेअरली कुठे बसवायचं?

वाईला मामांकडे गेलं की पहिला चहा होईपर्यंत कामाचं बोलायचं नाही, हा आमचा जुना रिवाज. त्या दिवशी तो मामांनीच मोडला. कप अजून मामींच्या हातात होता तोच त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. शेजारच्या पोराने गल्लीच्या तोंडाशी जिम काढली आहे. फ्लेक्स छापायला टाकायच्या आधी ‘जरा बघून द्या सर’ म्हणून तो मजकूर देऊन गेला होता. पस्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलेल्या माणसाकडे गल्लीतला प्रत्येक इंग्रजी कागद फिरून फिरून येतोच. कुणाचा बँकेला तक्रारअर्ज, कुणाच्या मुलीचं परदेशी विद्यापीठाला पत्र. या कागदावर चार ओळी होत्या. तिसरी अशी:

‘मेंबर्स हू कम रेअरली गेट पर्सनल अटेन्शन.’

“सांग, काय म्हणायचंय त्याला,” मामा म्हणाले. सूर तोंडी परीक्षेचा.

“त्याचं त्याला माहीत. वाक्य सांगतंय की जे सभासद येतात त्यांच्याकडे क्वचितच कुणी बघतं.”

“छे! अगं, जे कधीमधी येतात, दांड्या मारतात, त्यांच्याकडे आम्ही जातीनं लक्ष देऊ, असं म्हणायचंय त्याला.”

“तेही म्हणतंय ते वाक्य.”

मामांनी चष्मा वर सरकवला आणि कागद पुन्हा वाचला, या वेळी ओठ हलवत. मग एकदम हसले. “पोरगं दुकान उघडायच्या आधीच बंद पाडणार की!”

मी पोटापाण्यासाठी कोर्टकचेऱ्यांचे कागद इंग्रजीतून मराठीत आणते, आणि उलटही. असली वाक्यं माझ्या टेबलावर रोज येतात, फक्त त्यांत जिमऐवजी गहाणखत असतं. इंग्रजी व्याकरणात या जातीच्या क्रियाविशेषणाला ‘स्क्विंटिंग’ म्हणतात, म्हणजे सरळ तिरळं. एक डोळा मागच्या क्रियापदावर, दुसरा पुढच्या. ‘कम’शी त्याचा संसार आहे की ‘गेट’शी, हे बघणाऱ्याला कळत नाही.

“वाचताना जरा थांबलं की झालं,” मामा म्हणाले. “हू कम रेअरली... गेट पर्सनल अटेन्शन. आवाजात कळतं.”

“फ्लेक्सला आवाज कुठून आणायचा?”

“मग स्वल्पविराम दे.”

“रेअरलीनंतर? तुम्हीच शिकवलंय मामा, कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये स्वल्पविराम घालायचा नाही. ‘मेंबर्स हू कम रेअरली’ हे सगळं लटांबर मिळून एक कर्ता आहे.”

हे त्यांना मान्य करावं लागलं, पण अर्धंच. ‘माय ब्रदर, हू कम्स रेअरली, ब्रिंग्ज मँगोज’ इथे दोन्हीकडे स्वल्पविराम चालतो, कारण भाऊ एकच आहे. मधलं वाक्य नुसती जादा माहिती देतं, काढून टाकलं तरी भाऊ हरवत नाही. सभासदांचं तसं नाही. कोणते सभासद, हे त्या मधल्या वाक्यावरूनच ठरतं, म्हणून तिथे कुंपण घालता येत नाही. जिथे कुंपणाची खरी गरज, नेमकं तिथेच इंग्रजी ते घालू देत नाही. हा अन्याय आहे, असं माझं मत. मामांच्या मते ही शिस्त आहे.

“मराठीत ही पाळीच येत नाही बघा,” मी म्हटलं. “जे क्वचित येतात त्यांच्याकडे लक्ष दिलं जातं. जे येतात त्यांच्याकडे क्वचित लक्ष दिलं जातं. ‘जे’ने दार उघडलं, ‘त्यांच्या’ने लावलं. क्रियाविशेषण कुठल्या खोलीत आहे ते स्वच्छ दिसतं. इंग्रजीत ‘हू’ने आत जायचं दार आहे, बाहेर पडायला दारच नाही.”

“आम्ही पाचवीला शिकवायचो ते मिश्र वाक्य,” मामा म्हणाले. “जो-तो, जेव्हा-तेव्हा, जसं-तसं. पोरं कंटाळायची. ‘सर, एवढं लांब कशाला, येणाऱ्या सभासदांना म्हणावं.’ तेही बरोबर आहे म्हणा. क्वचित येणाऱ्या सभासदांना. इथंही क्वचित ‘येणाऱ्या’च्या आधी घट्ट.”

“तेच म्हणतेय मी. इंग्रजीतही ते आधी घ्या. ‘मेंबर्स हू रेअरली कम गेट पर्सनल अटेन्शन.’ ‘हू’ आणि ‘कम’ यांच्यामध्ये कोंबलं की रेअरलीला दुसरीकडे बघायला जागाच उरत नाही.”

मामा सावरून बसले. ही त्यांची जुनी लढाई होती.

“म्हणजे पस्तीस वर्षं मी पोरांच्या डोक्यातून जे काढत आलो, तेच तू परत घालणार! आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी. तो हळू चालतो, ती सुंदर गाते. काहीही करा, हळू आणि सुंदर क्रियापदाच्या आधीच येणार. मग पोरगा इंग्रजीत लिहितो, ‘ही स्लोली वॉक्स’, ‘शी ब्यूटिफुली सिंग्ज’, ‘आय नीटली रोट द एस्से’. चूक म्हणता येत नाही, पण कानाला लागतं ना! तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेली आमची पिढी. मराठी वाक्य समोर ठेवून शब्दाला शब्द ओळीनं लावत गेलं की क्रियाविशेषण आपोआप आधी बसतं. म्हणून मी एकच सांगायचो, क्रियापद होऊ दे, कर्म होऊ दे, सगळ्यांची जेवणं झाली की क्रियाविशेषणाला वाढा.”

“आणि रेअरली, ऑफन, नेव्हर?”

“ती वेगळी पंगत. वारंवारता दाखवणारी. ती मुख्य क्रियापदाच्या आधी आणि ‘इज, वॉज’च्या नंतर. ‘ही ऑफन कम्स’, पण ‘ही इज ऑफन लेट’. हे मीच शिकवलंय. तेव्हा रेअरली आधी घेतलंस यात तू काही जिंकलं नाहीस. तो माझाच नियम.”

हे खरं होतं. माझी बाजू पहिल्याच डावात त्यांच्या खात्यावर गेली. पण मामांनी बोलता बोलता एक फांदी खाली सोडली होती, ती मी धरली.

“‘इज, वॉज’च्या नंतर. नेहमी?”

“नेहमी.”

“‘ही वॉज वन्स अ सिंगर.’ आता यातला ‘सिंगर’ पुढे ओढून काढा. तो एके काळी जो गायक होता...”

“‘द सिंगर ही...’” मामा थबकले. “‘द सिंगर ही वन्स वॉज.’”

“वन्स आधी गेलं.”

“‘द सिंगर ही वॉज वन्स...’” त्यांनी तोंडात घोळवून पाहिलं, चूळ भरल्यासारखं. “नाही. लंगडतंय.” मग पुटपुटत एकामागून एक काढू लागले. ‘द फूल ही ऑल्वेज इज.’ ‘द टाउन इट नेव्हर वॉज.’ प्रत्येक वेळी क्रियाविशेषण ‘इज, वॉज’च्या आधी. शाळेतला नियम रिलेटिव्ह क्लॉजच्या उंबऱ्यावर येऊन उलटा होत होता. पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलेल्या ओळीला असा अपवाद निघाला की माणूस चिडतो असं आपल्याला वाटतं. मामांच्या चेहऱ्यावर मात्र आंब्याच्या अढीत हात घालून पिकलेला आंबा लागावा तसा भाव होता.

कारण मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगितलं. ‘इज’ हे बिचारं दुर्बळ क्रियापद, पुढच्या शब्दाच्या खांद्यावर हात टाकून चालतं. ‘ही इज अ फूल’ बोलताना त्याचं ‘हीज’ होतं, इतकं ते अंग चोरतं. पण ‘फूल’ उचलून वाक्याच्या तोंडाशी नेला की ‘इज’ शेवटी एकटं उभं राहतं. मग त्यावर जोर द्यावाच लागतो. ‘द फूल ही इज’ म्हणता येतं, ‘द फूल हीज’ म्हणता येत नाही. आणि एकदा ‘इज’ असं छाती काढून उभं राहिलं की क्रियाविशेषण त्याच्या मागे लपत नाही, पुढे होतं.

“आपल्याकडे हे कसं म्हणशील?” मामांनी विचारलं. “‘शी इज नॉट द सिंगर शी वन्स वॉज.’”

मी तोंड उघडायच्या आत मामी म्हणाल्या, “ती आता पूर्वीची गायिका राहिली नाही.”

जो नाही, तो नाही, आणि ‘वन्स’चं चक्क ‘पूर्वीची’ झालं. क्रियाविशेषणाने ‘ची’ लावून विशेषणाचं लुगडं नेसलं. मी अनुवादक, मला हे सुचायला निदान दोन मिनिटं लागली असती.

मामांना आता चेव चढला होता. “बरं, तुझं आधी घेण्याचं औषध सगळ्यांना लागू पडतं का बघू. ‘द बॉय आय टॉट यस्टरडे केम टू सी मी.’ काल शिकवलं की काल आला?”

“तिरळं.”

“मग उचल यस्टरडे आणि ठेव टॉटच्या आधी.”

‘द बॉय आय यस्टरडे टॉट.’ नाही ठेवता येत. म्हणजे जुन्या पुस्तकी इंग्रजीत कुणी ठेवलंही असेल, पण आज तसं लिहिणारा माणूस धोतरावर बूट घातल्यासारखा दिसेल. यस्टरडे, टुमारो, लास्ट वीक ही मंडळी मधल्या जागी सहसा बसत नाहीत. त्यांना एक तर वाक्याच्या तोंडाशी न्यायचं, नाही तर सगळं वाक्य मोडून पुन्हा बांधायचं.

“‘हार्ड’ घे. ‘वेल’ घे. ‘फास्ट’ घे,” मामा बोटं मोडत होते. “‘स्टुडंट्स हू हार्ड वर्क’ म्हणशील? शेपटीला ‘ली’ असलेली आणि वारंवारतेची तेवढीच तुझ्या आधीच्या बाकावर बसतात. बाकीची माझ्याकडे, शेवटच्या बाकावर.”

“पण तुमच्या शेवटच्या बाकावरची ही तिरळी होत नाहीत. ‘स्टुडंट्स हू वर्क हार्ड पास.’ हार्डला पासच्या आधी बसताच येत नाही, त्यामुळे ते वर्कचंच, यात कुणाला शंका नाही. घोळ फक्त ज्यांना दोन्हीकडे बसता येतं त्यांचाच. रेअरली, ऑफन, क्विकली, रीसेंटली.”

“म्हणजे चंचल मंडळी.”

“म्हणून त्यांनाच आधी बांधायचं.”

मामींनी दुसरा चहा आणला. मामांनी कप उचलला, पण प्यायले नाहीत. त्यांच्याकडे अजून एक हुकमाचं पान होतं, आणि ते त्यांनी थांबून, चवीनं टाकलं.

“आधी बांधलं की अर्थ तोच राहतो, हे कुणी सांगितलं तुला? ‘द मिनिस्टर हू आन्सर्ड द क्वेश्चन फूलिशली.’ काय केलं मंत्र्यानं?”

“मूर्खासारखं उत्तर दिलं.”

“आता तुझ्या पद्धतीनं. ‘द मिनिस्टर हू फूलिशली आन्सर्ड द क्वेश्चन.’”

मी गप्प. दुसऱ्या वाक्यात उत्तर कदाचित फार हुशारीचंही असेल. मूर्खपणा उत्तरात नाही, उत्तर देण्यात आहे. गप्प बसायला हवं होतं, हा बोलून बसला. शेवटी ठेवलं तर ‘फूलिशली’ रीत सांगतं. आधी ठेवलं तर ते सांगणाऱ्याचा शेरा होतं. केअरफुली, क्लेव्हरली, रूडली यांचीही हीच कथा. रे जॅकेनडॉफ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1972 सालच्या आपल्या पुस्तकात या जोड्यांची मोठी चिरफाड केली आहे. मामांनी ते पुस्तक पाहिलेलं नाही. त्यांना ते वर्गातल्या निबंधांनी शिकवलं.

“एक पोरगा होता,” ते म्हणाले. “त्यानं लिहिलं होतं, ‘माय फादर हू ऑनेस्टली वर्क्स इन अ बँक’. त्याला म्हणायचं होतं, बाप इमानदारीनं काम करतो. वाचताना वाटत होतं, पोरगा शपथेवर सांगतोय की बाप खरंच बँकेत आहे, विश्वास ठेवा! म्हणून मी म्हणतो, आपल्या माणसानं शेवटी ठेवावं. आपल्या भाषेला एकच जागा ठाऊक, क्रियापदाच्या आधीची. त्यामुळे आपल्याला हा फरक जन्मात ऐकू येत नाही.”

“कसा नाही येत?” मामी म्हणाल्या. त्या आतल्या दाराशी भाजी निवडत होत्या आणि आपण ऐकत आहोत हे त्यांनी आतापर्यंत फारसं दाखवलं नव्हतं. “मंत्र्यानं मूर्खासारखं उत्तर दिलं. आणि मंत्री मूर्खासारखा उत्तर देऊन बसला. एकात उत्तर मूर्ख, दुसऱ्यात मंत्री.”

मामांनी कप खाली ठेवला.

मूर्खासारखं, मूर्खासारखा. जागा तीच, क्रियापदाच्या आधी. फिरलंय ते नुसतं शेपूट. आपली कितीतरी क्रियाविशेषणं अशी अर्धवट विशेषणंच असतात. तो चांगला गातो, ती चांगली गाते, पोर चांगलं गातं. इंग्रजीतलं ‘वेल’ कुणाचंही लिंग विचारत नाही. आपलं ‘चांगला’ विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. इंग्रजी जे काम जागा बदलून करते ते आपण आकार-ईकार बदलून करतो. मला वाटतं, मराठी माणूस इंग्रजी लिहिताना गडबडतो तो यामुळे. फरक त्याला ऐकू येत असतो. तो कुठे ठेवायचा हे कळत नाही, कारण घरी तो ठेवायची खुंटी दुसऱ्या भिंतीवर असते.

“हे मी वर्गात सांगायला हवं होतं,” मामा म्हणाले. बायकोकडे न बघता.

मी विषय माझ्या दुकानात नेला. तिथे मला आधार मोठा होता. ज्या पुस्तकावर या देशाने दीडशेहून अधिक वर्षं फौजदारी खटले चालवले, त्या भारतीय दंडसंहितेचा मसुदा मेकॉलेच्या आयोगाने 1837 साली केला, ती 1860 साली मंजूर झाली आणि 1 जानेवारी 1862 पासून लागू झाली. कलमामागून कलम ‘हूएव्हर’ने सुरू होतं. जो कोणी.

“ते रिलेटिव्ह क्लॉज नव्हे,” मामांनी लगेच अडवलं.

“रेन आणि मार्टिनचं व्याकरण काय म्हणतं? कंपाउंड रिलेटिव्ह प्रोनाउन.”

“बरं, बरं. पोटात रिलेटिव्ह आहे. पुढे.”

“कलम 323. ‘हूएव्हर... व्हॉलंटरिली कॉझेस हर्ट.’ कलम 411, चोरीचा माल. ‘हूएव्हर डिसऑनेस्टली रिसीव्ह्ज.’ आणि आपलं लाडकं चारसोबीस. ‘हूएव्हर चीट्स अँड देअरबाय डिसऑनेस्टली इंड्यूसेस.’ सगळीकडे क्रियापदाच्या आधी. आणि माझं काम सोपं, कारण मराठीतही तिथेच. जो कोणी इच्छापूर्वक दुखापत पोचवील. जो कोणी अप्रामाणिकपणे स्वीकारील. शब्द उचलायचा आणि तसाच ठेवायचा.”

दंडसंहिता गेली, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. 323चं 115चं दुसरं पोटकलम झालं, 420चं 318चं चौथं. पोलीस ठाण्यातली जुनी माणसं अजून जुनेच आकडे बोलतात. पण ‘हूएव्हर’ आणि त्याच्यामागून येणारं ते क्रियाविशेषण जागचं हललेलं नाही.

“कायद्याला ते आधी लागतंच,” मी म्हटलं. “दुखापत झाली, हे कुणीही सांगेल, जखम दिसते. गुन्हा ठरतो तो इच्छेवर. म्हणून इच्छा आधी, कृती मागून. तुमच्या पद्धतीनं शेवटी ठेवलं आणि मध्ये चार ओळींचं कर्म आलं, तर वाचणारा ‘डिसऑनेस्टली’पर्यंत पोचेतो विसरलेला असतो की हे कशाला चिकटवायचं.”

“मग चोरीच्या व्याख्येत काय केलंय तुमच्या मेकॉलेनं?” मामांनी विचारलं.

मला धक्काच बसला. कलम 378 त्यांना पाठ असेल असं वाटलं नव्हतं. पुढे कळलं की निवृत्तीनंतर एका ओळखीच्या वकिलाला ते टंकलेखन तपासून द्यायचे. “‘इंटेंडिंग टु टेक डिसऑनेस्टली एनी मूव्हेबल प्रॉपर्टी.’ क्रियापद आणि कर्म यांच्या मधोमध! ना तुझ्या बाकावर, ना माझ्या. ‘ही ड्रँक क्विकली टी’ असं पोरानं लिहिलं असतं तर मी पट्टी काढली असती.”

यालाही कारण आहे. ‘टी’ हलकं आहे, क्रियापदाचा हात सोडत नाही. चोरीच्या कलमातलं कर्म मात्र ‘एनी मूव्हेबल प्रॉपर्टी’पासून सुरू होऊन ‘कुणाच्याही ताब्यातून, त्याच्या संमतीशिवाय’पर्यंत शेपूट ओढत जातं. अशा जड कर्माला इंग्रजी शेवटी सरकू देते, आणि मध्ये पडलेल्या फटीत क्रियाविशेषण बसतं. शिवाय ‘टु’ आणि ‘टेक’ यांच्यामध्ये शब्द घालणं त्या शतकातल्या सुशिक्षितांना आवडत नसे. त्याच संहितेत, कलम 321मध्ये, ‘व्हॉलंटरिली टु कॉझ हर्ट’ अशी रचना आहे, ‘टु’च्याही आधी. नव्या संहितेत चोरीचं कलम 303 झालं तरी ‘टेक डिसऑनेस्टली’ तसंच राहिलं. एकशेसाठ वर्षं ते त्या फटीत बसून आहे.

“या ‘मध्ये शब्द घालायचा नाही’च्या भीतीनं एका अध्यक्षाला दोनदा शपथ घ्यावी लागली,” मी म्हटलं.

20 जानेवारी 2009. अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स ओबामांना शपथ देत होते. राज्यघटनेतले शब्द ‘आय विल फेथफुली एक्झिक्यूट’. रॉबर्ट्स यांनी तोंडी सांगताना ‘फेथफुली’ उचलून शेवटी नेऊन ठेवलं. ओबामा अडखळले, गोंधळ झाला, आणि दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा झाली. स्टीव्हन पिंकर या भाषाशास्त्रज्ञाने तेव्हा लिहिलं की सहायक क्रियापद आणि मुख्य क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण नको, ही शाळकरी सक्ती सरन्यायाधीशांच्या जिभेवर बसलेली असावी.

“हा रिलेटिव्ह क्लॉज नाही,” मामा म्हणाले.

“नाही. पण त्यांच्या मास्तरांनी सांगितलं असणार, सगळ्यांची जेवणं झाली की क्रियाविशेषणाला वाढा.”

मामा मनापासून हसले. मग म्हणाले, “आता मीही तुला एक विचारतो. आधी ठेवलं की सगळं स्वच्छ होतं, असं तुझं म्हणणं. तू ज्या कायद्याचे गोडवे गातेस, त्यात आधी ठेवूनही भांडण झालेलं नाही?”

झालंय. त्याच वर्षी, रॉबर्ट्स यांच्याच न्यायालयात. इलिनॉयमधल्या एका पोलाद कारखान्यात काम करणाऱ्या एका मेक्सिकन कामगाराने मालकाला बनावट कार्डं दिली होती. नाव त्याचं स्वतःचं, पण कार्डांवरचे क्रमांक निघाले दुसऱ्या खऱ्याखुऱ्या माणसांचे. कायदा म्हणतो, ‘हूएव्हर... नोइंगली ट्रान्सफर्स, पझेसेस, ऑर यूझेस’ दुसऱ्या व्यक्तीचं ओळखसाधन, त्याला वाढीव दोन वर्षं, माफी नाही. कार्ड बनावट आहे हे त्याला ठाऊक होतं. ते क्रमांक कुणा जिवंत माणसाचे आहेत हे ठाऊक होतं, असं सिद्ध झालेलं नव्हतं. ‘नोइंगली’ क्रियापदाच्या आधी अगदी माझ्या नियमाप्रमाणे बसलेलं, तिरळं मुळीच नाही. प्रश्न वेगळाच. त्याची नजर किती लांब जाते? ‘यूझेस’पर्यंत, की पार टोकाच्या ‘ऑफ अनदर पर्सन’पर्यंत?

“टोकापर्यंत,” मामा ताडकन म्हणाले.

मे 2009मध्ये सर्वोच्च न्यायालयही तेच म्हणालं. निकालावर नऊही न्यायमूर्तींचं एकमत, रॉबर्ट्स धरून. न्यायमूर्ती ब्रेयर यांनी उदाहरण दिलं ते बालवाडीतलं. पोराने आपल्या भावंडाचं खेळणं जाणूनबुजून घेतलं असं आपण म्हणतो, तेव्हा खेळणं घेतोय एवढंच नव्हे, ते भावंडाचं आहे हेही त्याला माहीत आहे असं धरून चालतो.

“पण नेहमी नाही,” मामा स्वतःच्याच उत्तरावर उलटले. जुन्या मास्तरांची ही खोड. “त्या गुंडानं जाणूनबुजून माझ्या भाच्याला ढकललं. ढकललं हे जाणून. माझा भाचा आहे हे त्याला काय ठाऊक?” न्यायमूर्ती अलिटो यांनी आपल्या स्वतंत्र मतात साधारण हाच आक्षेप घेतला होता, हे सांगितल्यावर मामांनी मान किंचित झुकवली, सत्कार स्वीकारावा तशी.

मला त्या खटल्यात छळतं ते निराळं. हे कलम मराठीत आणायला माझ्याकडे आलं असतं तर? ‘जो कोणी जाणूनबुजून दुसऱ्या व्यक्तीचं ओळखपत्र वापरील’ आणि ‘जो कोणी दुसऱ्या व्यक्तीचं ओळखपत्र जाणूनबुजून वापरील’. दोन्ही शुद्ध. पहिल्यात ‘जाणूनबुजून’ सगळ्यांच्या डोक्यावर छत्री धरतं, दुसऱ्यात ते ‘वापरील’ला चिकटून भिजतं. इंग्रजीत ‘नोइंगली’ला जागा एकच, म्हणून प्रश्न नऊ जणांपुढे गेला. मराठीत दोन, म्हणून माझ्या टेबलावरच मिटला असता. रात्री साडेदहाला, उद्या कागद द्यायचा आहे म्हणून, कानाला बरं वाटलं म्हणून. आणि कुणाची दोन वर्षं त्यात जाताहेत हे मला कळलंही नसतं.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तू असं लिहीत जा, की मूळ संदिग्ध होतं.”

“समासात टीप दिली की साहेब चिडतात.”

“चिडू देत.”

संध्याकाळी निघताना जिमवाला पोरगा कागद न्यायला आला. मी पेनाने ‘हू’ आणि ‘कम’ यांच्यामध्ये खूण करून वर ‘रेअरली’ लिहिलं होतं. जुनं रेअरली खोडायला गेले तर मामांनी पेन काढून घेतलं. विद्यार्थ्याच्या कागदावर कधी खोडायचं नाही, हा त्यांचा बाणा. त्यांनी लाल पेन्सिलीने त्या शब्दाभोवती नुसतं गोल केलं. त्यांच्या शाळेत गोल म्हणजे ‘हे काढून टाक’, आणि पस्तीस वर्षांतल्या प्रत्येक पोराला ते कळत होतं.

फ्लेक्सच्या दुकानातल्या डीटीपीवाल्याला ते कळायचं कारण नव्हतं. त्याच्याकडे लाल गोल म्हणजे ‘मोठ्या टायपात, रंगीत’. तिसऱ्या दिवशी मामांनी फोटो पाठवला. पिवळ्या पार्श्वभूमीवर दंड फुगवलेला कुणी परदेशी पैलवान, आणि खाली:

‘मेंबर्स हू रेअरली कम रेअरली गेट पर्सनल अटेन्शन.’

पाठोपाठ फोन आला.

“वाचलंस? मी तीनदा वाचलं. मामी म्हणते, खरं बोलणारी ही तालुक्यातली पहिली जिम.” थोडं थांबून, परीक्षेच्या त्याच सुरात, “व्याकरणाची चूक काढून दाखव.”

मी शोधली. सापडली नाही.